जो थॉमस, १०,३६३ स्नॅप आणि लेफ्ट टॅकलचं काम

खलाशी

मागच्या अमेरिकन फुटबॉलच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "ते चेंडूपाशी वाकून उभे राहणारे पाच धिप्पाड गडी करतात तरी काय?" तो प्रश्न स्कोअरच्या गोंगाटात वाहून गेला, म्हणून हा स्वतंत्र धागा. एकाच खेळाडूची कारकीर्द धरून बोलू, म्हणजे गप्पा हवेत जाणार नाहीत. खेळाडू : जो थॉमस, क्लीव्हलंड ब्राउन्स, लेफ्ट टॅकल, जर्सी ७३.

नवख्यांसाठी पटकन. ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये पाच जण असतात. मधला सेंटर चेंडू मागे देतो (तो स्नॅप), त्याच्या दोन बाजूंना गार्ड, गार्डांच्या बाहेर टॅकल. जर्सीचे नंबर ५० ते ७९. नेहमीच्या खेळीत त्यांना पुढे फेकलेला पास झेलता येत नाही आणि पास सुटेपर्यंत एनएफएलमध्ये (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) चेंडूच्या रेषेपुढे एक यार्डापेक्षा जास्त जाताही येत नाही. कामं दोनच : क्वार्टरबॅकला (पास फेकणाऱ्याला) वाचवायचं आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाट करून द्यायची.

थॉमस विस्कॉन्सिन राज्यातल्या ब्रुकफील्डचा, जन्म १९८४. खेळला विस्कॉन्सिन विद्यापीठाकडून. जानेवारी २००६ मध्ये कॅपिटल वन बोल या सामन्यात बचावफळीत माणसं कमी पडली म्हणून त्याला डिफेन्सिव्ह एंडला उभं केलं आणि तिथे गुडघ्याचा एसीएल (अस्थिबंध) फाटला. त्याच वर्षीच्या पुढच्या मोसमात परतून त्याने कॉलेजच्या सर्वोत्तम लाइनमनची आउटलँड ट्रॉफी घेतली. २००७ च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात ते) तो तिसरा. त्याच्या आधी जमार्कस रसेल आणि कॅल्विन जॉन्सन. त्या दिवशी गडी न्यूयॉर्कला कोट-टाय घालून न जाता वडिलांबरोबर लेक मिशिगनवर मासे धरत होता.

पुढची साडेदहा वर्षं एकच संघ. पहिल्या दहा मोसमांत दहा प्रो बोल (लीगमधल्या निवडक ताऱ्यांचा सामना), सहा वेळा फर्स्ट टीम ऑल-प्रो (मोसमाचा सर्वोत्तम संघ). २२ ऑक्टोबर २०१७ ला टेनेसी टायटन्सविरुद्ध ट्रायसेप्स (दंडामागचा स्नायू) फाटेपर्यंत एकही स्नॅप चुकवला नाही. लागोपाठ १०,३६३. मार्च २०१८ मध्ये निवृत्ती, २०२३ मध्ये पात्र ठरल्याच्या पहिल्याच वर्षी हॉल ऑफ फेम. या काळात सहा मुख्य प्रशिक्षक आणि सुरुवात करणारे वीस क्वार्टरबॅक होऊन गेले. प्लेऑफचा सामना मात्र एकही नाही. २००७ ला १०–६ (दहा विजय, सहा पराभव) करूनही संघ बाहेर राहिला, २०१६ ला १–१५, २०१७ ला ०–१६.

चर्चा तंत्रावर ठेवू या. "बिचारा" हा शब्द शक्यतो नको.

शेवंता

धागा छान. पण माझा प्रश्न बाळबोध आहे. समोरच्याला अडीच-तीन सेकंद अडवायचं, एवढंच ना? १४० किलोचा माणूस मध्ये उभा राहिला तरी तेवढा वेळ जाईल की.

पल्याड

@शेवंता, मध्ये नुसता उभा राहिला तर पास रशर (क्वार्टरबॅकवर चालून येणारा बचावपटू) सव्वा सेकंदात क्वार्टरबॅकच्या अंगावर. अडचण वजनाची नाही, दिशेची आहे. रशर पुढे तोंड करून पळतो, टॅकलला मागे जात जात त्याच्यासमोर राहावं लागतं. शिवाय रशरला तीन वाटा : बाहेरून वळसा, आतून कट, किंवा सरळ छातीवर धडक. टॅकलने एक वाट गच्च बंद केली की दुसरी आपोआप उघडते.

आता पाय. लेफ्ट टॅकल पासच्या वेळी बहुधा हात जमिनीला न लावता उभा असतो. डावा पाय मागे, साधारण डाव्या पंजाचं टोक उजव्या टाचेच्या आसपास. वजन उजव्या पायाच्या आतल्या कडेवर, कारण ढकलायचं त्या पायाने आहे. स्नॅप झाला की उजव्याने रेटा देऊन डावा पाय मागे सरकतो आणि उजवा तेवढाच ओढला जातो. याला किक-स्लाइड म्हणतात. पाय एकमेकांना टेकता कामा नयेत, एकमेकांवरून तर मुळीच जाता कामा नयेत. डोकं वर-खाली होत असेल तर समजा की गडी सरकत नाहीये, उड्या मारतोय, आणि रशर त्याला नेमका हवेत असताना गाठणार.

सगळ्यात सामान्य चूक : बाहेरच्या वेगाला घाबरून कंबर लवकर उघडणं. खांदे साइडलाइनकडे वळले की आतली वाट मोकळी. रशर बाहेर दोन पावलं टाकतो, टॅकलचा कंबरपट्टा फिरलेला पाहतो आणि आत शिरतो. ही वाट क्वार्टरबॅककडे जाण्याची सर्वांत जवळची, म्हणून लाइनच्या प्रशिक्षकांचं पहिलं वाक्य असतं : आतला आधी.

खलाशी

यात भूमितीही घाला. शॉटगनमध्ये क्वार्टरबॅक पाच यार्ड मागे उभा असतो, तीन पावलं घेतली की सात-आठ यार्डांवर येतो. बाहेरून येणाऱ्या रशरला तिथेच वळण घ्यावं लागतं. टॅकलने त्या खोलीपर्यंत त्याच्या आतल्या अंगाला चिकटून राहायचं आणि मग त्याला त्याच वेगाने पुढे ढकलून द्यायचं. रशर क्वार्टरबॅकच्या मागून निघून जातो. टीव्हीवर वाटतं की टॅकल हरला. खरं तर तो बरोबर खेळला, फक्त क्वार्टरबॅकने एक पाऊल पुढे यायचं असतं.

आता गंमत पाहा. तोच क्वार्टरबॅक घाबरून दहा-अकरा यार्ड मागे गेला, तर टॅकलने जिथे रशरला सोडला नेमका तिथेच तो उभा सापडतो. सॅक (चेंडू सोडण्याआधी क्वार्टरबॅकला पाडणं) टॅकलच्या नावावर. थॉमसपुढे हा प्रश्न वीस वेळा नव्याने आला. डेरेक अँडरसन, ब्रेडी क्विन, कोल्ट मॅकॉय, ब्रँडन वीडन, ब्रायन होयर, जॉनी मॅन्झिएल, जॉश मॅकाउन, डिशॉन कायझर... प्रत्येकाची खोली वेगळी, चेंडू सोडण्याचा वेळ वेगळा. मॅन्झिएल तर पॉकेटमधून (लाइनने राखलेल्या जागेतून) कधी आणि कुठल्या बाजूने निसटेल याचा नेम नसायचा. पाठ करून उभ्या असलेल्या टॅकलला ते दिसत नाही.

टपालवाला

थोडक्यात यष्टिरक्षकासारखं : झेल सुटला तरच नाव निघतं.

पल्याड

@टपालवाला, अर्धं पटलं. यष्टिरक्षकाच्या नावापुढे झेल आणि स्टंपिंग तरी लिहितात. टॅकलच्या नावापुढे अधिकृत आकडा असा जवळजवळ नसतोच : सामने, त्यातले सुरुवातीपासून खेळलेले, पेनल्टी, संपलं. 'अमक्याने इतके सॅक दिले' हे आकडे खासगी कंपन्या फिल्म पाहून ठरवतात, आणि जबाबदारी कुणाची हे खेळीची आतली हाक माहीत असल्याशिवाय छातीठोक सांगता येत नाही. त्यामुळे दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे दिसले तर गोंधळू नका.

अस्मानी

थॉमस दिसायला काही राक्षस नव्हता. ६ फूट ६ इंच, ३१२ पौंड म्हणजे साधारण १४१ किलो. टॅकलसाठी हे नेहमीचंच माप. हाताची लांबी तर साडेबत्तीस इंच, जिथे संघ ३३-३४ इंचांची अपेक्षा धरतात. लांब हाताचा फायदा सरळ आहे : समोरच्याचे हात आपल्या छातीपर्यंत पोचण्याआधी आपले त्याच्या छातीवर. मग आखूड हाताने हा माणूस दहा वर्षं कसा टिकला?

पल्याड

@अस्मानी, खरा मुद्दा काढलात. यावर जरा सविस्तर लिहितो.

पहिलं, तो बहुतेकदा सरळ मागे सरकायचा, म्हणजे व्हर्टिकल सेट. दुसरे दोन प्रकार : पंचेचाळीस अंशांत मागे-बाहेर जाणं, आणि जंप सेट, म्हणजे स्नॅपबरोबर थेट रशरवर जाऊन भिडणं. व्हर्टिकल सेटमध्ये टक्कर उशिरा होते. रशरला धावायला जागा मिळते हा तोटा, पण टॅकलला त्याची चाल ओळखायला वेळ मिळतो हा फायदा. ज्याचे पाय चांगले त्याला हा सौदा परवडतो. थॉमसचे पाय असामान्य होते. कॉलेजात तो गोळाफेकही करायचा, आणि त्या खेळात कंबर-पावलांचा मेळ काय लागतो ते वेगळं सांगायला नको.

दुसरं, तो एकच सेट सलग देत नसे. रशर पहिल्या क्वार्टरमध्ये टॅकलची लय मोजतो : तिसऱ्या पावलावर हात येतात का, चौथ्या? लय सापडली की तो नेमका त्या क्षणी हात छाटतो. म्हणून मध्येच एखादा जंप सेट, मध्येच हात न टाकता नुसतं सरकणं, मध्येच हाताचा खोटा झटका. रशरच्या डोक्यात घड्याळ बसूच द्यायचं नाही.

तिसरं, हात. जुनी शिकवण : दोन्ही तळवे एकदम छातीवर. लागले तर उत्तम, हुकले तर स्वतःचं वजन पुढे जातं आणि रशर बाजूने निघून जातो. म्हणून आता हात वेगवेगळे चालवायला शिकवतात. आतला हात आधी, निशाण रशरच्या छातीची जवळची बाजू, अंगठा वर, कोपर बरगडीला चिकटलेलं. बाहेरचा हात राखून. आतला हात बसला की त्याच्यावरून कळतं की समोरचा जोर लावतोय की वळतोय. कोपर बाहेर फाकलं की दोन नुकसानं : जोर निम्मा होतो आणि पंचाला होल्डिंग दिसायला लागतं.

शेवंता

होल्डिंग म्हणजे नक्की काय? दर खेळीला सगळेच एकमेकांना धरून असतात असं दिसतं.

खलाशी

बरोबर दिसतं. हात समोरच्याच्या शरीराच्या चौकटीत, म्हणजे दोन खांद्यांच्या आत असतील आणि तो सरळ समोर असेल तर धरलेलं पंच सहसा सोडून देतात. तो बाजूने निघाला, तरी तुम्ही सोडलं नाही आणि जर्सी ताणलेली दिसली, किंवा त्याला फिरवून खाली पाडलं, की पिवळा रुमाल. दंड दहा यार्ड. म्हणजे पहिल्या डाउनला (चार खेळींतली पहिली) दहा यार्ड हवे होते ते वीस झाले. बहुतेक वेळा ती चढाई तिथेच मरते. म्हणून चांगला टॅकल हरल्यावर हात सोडतो. सॅक होऊ देणं आणि होल्डिंग देणं यातलं स्वस्त काय, हा हिशेब त्याला अर्ध्या सेकंदात करावा लागतो. फर्स्ट अँड टेनला मधोमध मैदानात होल्डिंग मूर्खपणा. पण क्वार्टरबॅक पाठमोरा आहे आणि रशर पूर्ण वेगात येतोय, तर दहा यार्ड दिलेले बरे.

आणखी एक : १९७८ च्या नियमबदलाने लाइनमनला हात सरळ करून उघड्या तळव्यांनी रोखायची मुभा मिळाली. आजचं सगळं पास ब्लॉकिंग त्या बदलावर उभं आहे. त्यापूर्वीची फिल्म पाहिलीत तर हात छातीशी घेऊन खांद्यांनी ढकलणारे लोक दिसतील.

जर्सीचीही एक खुबी आहे. लाइनमनची जर्सी इतकी तंग का? समोरच्याला धरायला कापड मिळू नये म्हणून. शोल्डर पॅडवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून त्यावर जर्सी बसवतात. वंगण किंवा बुळबुळीत काही फासणं मात्र नियमबाह्य.

चकोर

धडकेबद्दल कुणी बोललं नाही. तुमचे पाय, हात सगळं ठीक. समोरचा १२० किलोचा गडी सात यार्ड धावत येऊन छातीवर आदळला तर?

पल्याड

बुल रश. उत्तर : अँकर. पहिला धक्का बसणारच आणि टॅकल यार्डभर मागे जाणारच, ते मान्य करायचं. त्याच वेळी दोन्ही पायांनी छोटी उडी मागे घेऊन पाय रुंद रोवायचे, कंबर रशरच्या कंबरेखाली न्यायची आणि हात त्याच्या काखेच्या बाजूने खालून वर. त्याची छाती वर उचलली गेली की त्याच्या पायांचा जमिनीवरचा रेटा जातो. चूक होते ती इथे : माणूस कमरेत वाकतो, गुडघ्यात नाही. कमरेत वाकला की डोकं पुढे, आणि रशर त्याचे खांदे खाली खेचून वरून निघून जातो. व्हर्टिकल सेटवाल्यांना बुल रश जास्त त्रास देतो, कारण समोरच्याने वेग घेतलेला असतो. थॉमसला कुणी हलवलं असेल तर बहुधा असंच.

टपालवाला

विक्रमाबद्दल एक टीप. एनएफएल स्नॅपची मोजणी १९९९ पासूनची आहे, त्यामुळे १०,३६३ ला 'सर्वकालीन विक्रम' म्हणताना तेवढं लक्षात ठेवा. लागोपाठ सामने सुरुवातीपासून खेळण्यात मिनेसोटाचा सेंटर मिक टिंगलहॉफ २४० वर आहे, रेडर्सचा जिम ओटो २१० सामने. ओटोचा पाय पुढे २००७ मध्ये कापावा लागला, हेही त्याच वाक्यात सांगायला हवं.

थॉमसचे सामने १६७ : दहा मोसम गुणिले सोळा, अधिक २०१७ चे सात. भागाकार केला तर सामन्याला ६२ स्नॅप. आणि सामना सुरू करणं वेगळं, एकही खेळी बाहेर न बसणं वेगळं. बोट निखळलं, घोटा मुरगळला, बुटाची नाडी सुटली, हेल्मेट निघालं, तरी पुढच्या खेळीला हजर.  मोठ्या फरकाने हरत असतानाही तो बाहेर बसला नाही.

अस्मानी

ट्रायसेप्सच का फाटला, कुणी सांगेल? लाइनमनला गुडघ्याचा धोका जास्त असतो असं ऐकून होतो.

चकोर

गुडघा आणि घोट्याचा धोका आहेच, आणि तो बहुधा दुसराच कुणीतरी मागून पायावर पडल्याने येतो. म्हणून तर कॉलेजात लाइनमनला कडेच्या सळ्यांचे गुडघा-ब्रेस घालायला लावतात. एनएफएलमध्ये बरेच जण पायांचा वेग जातो म्हणून काढून टाकतात.

ट्रायसेप्सची गोष्ट वेगळी. हे स्नायू कोपर सरळ करतात. टॅकलचा हात ताणून रोवलेला आहे, ट्रायसेप्स पूर्ण जोरात आवळलेला आहे, आणि त्याच क्षणी समोरचं वजन कोपर जबरदस्तीने वाकवतं. आवळलेला स्नायू ताणला गेला की कोपराजवळ कंडरा हाडापासून सुटतो. शस्त्रक्रिया करून पुन्हा हाडाला बांधावा लागतो आणि मोसम संपतो. थॉमसचा डावा हात होता, तिसऱ्या क्वार्टरमध्ये, धावेच्या खेळीवर. त्याच्या जागी स्पेन्सर ड्रँगो आला. सामना ब्राउन्स ९-१२ ने जादा वेळेत हरले.

शेवटच्या मोसमांत त्याला सरावातून नेमाने सुट्टी मिळायची, हेही लिहून ठेवतो. तिशीनंतर टिकायचं तर आठवड्यातले धक्के मोजूनच घ्यावे लागतात.

शेवंता

आता वजनाचं सांगा. माझी उत्सुकता खरी तिथेच आहे. निवृत्तीनंतरचे त्याचे फोटो पाहिले, ओळखू येत नाही!

खलाशी

पन्नास पौंडांहून जास्त उतरवले. एक समजून घ्या : यातल्या बऱ्याच जणांचं नैसर्गिक वजन ११०-११५ किलोच असतं. शाळेत हे टाइट एंड किंवा डिफेन्सिव्ह एंड असतात. १४० किलो हे नोकरीचं वजन. भूक लागली म्हणून खायचं नाही, वजन उतरू नये म्हणून खायचं, दर जेवणाला पोट तुडुंब करून, आणि झोपायच्या आधी परत. नोकरी संपली की पहिली पायरी डाएट नसतेच, नुसतं भूक असेल तेवढंच खाणं. तेवढ्यावरच सुरुवातीचे किलो भराभर जातात. पुढे थॉमसने पिष्टमय पदार्थ कमी केले, खाण्याच्या वेळा आवळल्या, आणि पोहणं, सायकल, योग असे सांध्यांना न दुखवणारे व्यायाम धरले. गुडघे गेलेल्या माणसाने पळून वजन उतरवायचा हट्ट धरू नये.

उलट बाजू उन्हाळ्याची. जुलै-ऑगस्टच्या सराव शिबिरात पूर्ण पॅड घालून हे लोक एका सत्रात तीन-चार किलो पाणी घामावाटे घालवतात. म्हणून सत्राआधी आणि नंतर वजन करतात; गेलेल्या प्रत्येक किलोमागे साधारण दीड लिटर द्रव, मीठ घातलेला, आणि एकदम न पिता काही तासांत. नुसतं साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरून वेगळंच संकट. १ ऑगस्ट २००१ ला मिनेसोटा व्हायकिंग्जचा राइट टॅकल कोरी स्ट्रिंगर उष्माघाताने गेला, वय २७. त्यानंतर शिबिरांची शिस्त बदलली. मैदानाच्या कडेला बर्फाच्या पाण्याचं टाकं तयार असतं आणि नियम एकच : आधी जागेवर गार करा, मग दवाखान्यात हलवा. उलटं केलं तर रुग्णवाहिकेतली मिनिटं मेंदूला भोवतात.

चकोर

डोक्याचंही बोलायला हवं. लाइनमनला मोठे धक्के कमी, पण छोटे जवळजवळ प्रत्येक खेळीला. पिट्सबर्गचा सेंटर माइक वेबस्टर २००२ मध्ये पन्नाशीत गेला, डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याच्या मेंदूत सीटीई (वारंवारच्या धक्क्यांनी होणारा मेंदूचा आजार) पाहिला आणि २००५ मध्ये शोधनिबंध आला. फुटबॉलपटूमधली ती पहिली प्रसिद्ध झालेली नोंद, आणि ती लाइनमनची होती यात नवल नाही. सामन्याला बासष्ट स्नॅप गुणिले मोसमाचे सोळा सामने करा.

अस्मानी

वेगळा मुद्दा. 'लेफ्ट टॅकल म्हणजे सर्वांत मौल्यवान, कारण उजव्या हाताच्या क्वार्टरबॅकची पाठ तिकडे' हे आता जुनं झालं असं माझं मत. टी. जे. वॉट बहुतेक वेळ राइट टॅकलवर येतो, व्हॉन मिलरही तसाच. संघ आपला सर्वोत्तम रशर तुमच्या कच्च्या बाजूला उभा करणार. २०२४ मध्ये डेट्रॉइटने पेनेई सूएलला चार वर्षांचे ११.२ कोटी डॉलर दिले तेव्हा तो राइट टॅकल होता. त्याच वर्षी टँपाच्या ट्रिस्टन वर्फ्सला पाच वर्षांचे १४ कोटींच्या वर. तो राइटवरून लेफ्टला गेलेला.

पल्याड

मतापुरतं सहमत. पण 'टॅकल तो टॅकल, उद्या दुसऱ्या बाजूला उभा करा' इतकं सोपं नाही. रेटा देणारा पाय बदलतो, आधी जाणारा हात बदलतो, कंबर उलटी फिरते. ब्राउन्सनेच २०२० मध्ये दहाव्या क्रमांकावर जेड्रिक विल्सला घेतलं. कॉलेजात तो राइट टॅकल. त्याला थॉमसच्या जुन्या जागी लेफ्टला लावलं आणि त्या जागेचा प्रश्न कायमचा सुटला असं काही झालं नाही. वर्फ्ससारखे अपवाद असतात, धोरण अपवादावर आखू नये.

टपालवाला

२०१५ चं राहिलं. डेन्व्हर ब्रॉंकोजचा लेफ्ट टॅकल रायन क्लेडी मोसमाआधीच जायबंदी झाला होता आणि ट्रेडच्या (संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीच्या) शेवटच्या दिवशी थॉमस तिकडे जाणार अशी बोलणी झाली. फिसकटली. ब्रॉंकोज त्या मोसमात सुपर बोल ५० जिंकले. धागाकर्त्याने बंदी घातलेला शब्द वापरत नाही.

चकोर

हाहा. पण लाइनमनची किंमत जिंकलेल्या सामन्यांवरून काढायची नाही हे या माणसाने सिद्ध केलं. ४८ विजयांच्या कारकिर्दीवर पहिल्याच वर्षी हॉल ऑफ फेम. क्वार्टरबॅकला असं कुणी आत घेतलं नसतं. मतदारांनी फिल्म पाहिली.

शेवंता

बाकीचे चौघे? टॅकलच्या शेजारचा गार्ड नक्की काय मदत करतो?

पल्याड

फार. २०१४ पासून थॉमसच्या शेजारी जोएल बिटोनियो होता. दोघांचं खरं काम स्टंटच्या वेळी दिसतं : समोरचे दोन रशर एकमेकांच्या मागून अदलाबदल करतात. एक गार्डवर आदळतो, दुसरा त्याच्यामागून वळून आत येतो. उपाय : दोघांनी एकाच खोलीवर राहायचं, आपला माणूस शेजाऱ्याच्या हातात द्यायचा आणि नवा घ्यायचा. गार्ड रेषेवर आणि टॅकल दोन यार्ड मागे असला की दोघे एकमेकांना आडवे येतात आणि तिसराच मोकळा सुटतो. हे बोलून होत नाही, वेळ नसतो. शेजाऱ्याच्या कमरेला हात लागला की समजायचं.

लाइनचा मेंदू सेंटर. मधला लाइनबॅकर कोण ते तो बोट दाखवून सांगतो, त्यावरून पाचही जणांची दिशा ठरते. पाच अडवणारे आणि सहा येणारे असतील तर सर्वांत बाहेरचा सोडून द्यायचा. त्याच्यासाठी क्वार्टरबॅकने चेंडू लवकर सोडायचा. फिलाडेल्फियाचा जेसन केल्सी यातला अलीकडचा सर्वोत्तम. २०११ ला सहाव्या फेरीत १९१ वा, सेंटरसाठी हलका, कॉलेजात आला तो रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) म्हणून. त्याचा तेव्हाचा सहकारी जॉर्डन मायलाटा तर ऑस्ट्रेलियातला रग्बी लीगवाला. २०१८ ला सातव्या फेरीत २३३ वा, त्याआधी फुटबॉलचा एकही सामना नाही, आणि पुढे लेफ्ट टॅकलला कायम झाला. वर पाय आणि कंबर म्हणत होतो ते यासाठी. हात आणि हाका शिकवता येतात.

अस्मानी

परगावच्या मैदानात ७० हजार लोक ओरडत असताना स्नॅप कधी होणार ते टॅकलला कसं कळतं?

खलाशी

सायलेंट काउंट. क्वार्टरबॅक तयार झाला की पाय उचलतो. गार्ड मागे वळून ते पाहतो आणि सेंटरला थापटतो. सेंटर मान वर करतो किंवा हलवतो, आणि ठरलेल्या विरामानंतर चेंडू देतो. तो विराम मधूनमधून बदलतात, नाहीतर रशरही मानेवरच निघतो. टॅकलची पंचाईत अशी की त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून चेंडू पाहावा लागतो आणि रशर बाहेर उभा असतो. नजर आतून बाहेर यायला जो क्षण जातो तेवढा उशीर. घाई केली तर फॉल्स स्टार्ट (स्नॅपआधी हालचाल), दंड पाच यार्ड. परगावी सॅक आणि फॉल्स स्टार्ट दोन्ही वाढतात त्यामागे हे एक मोठं कारण.

शेवंता

आता पुढच्या सामन्यात लेफ्ट टॅकलकडेच बघणार. काय बघू?

पल्याड

स्नॅप झाल्यावर पहिली दोन सेकंदं चेंडू बघू नका, एवढंच कठीण आहे. क्रमाने : पहिलं पाऊल सरळ मागे की तिरकं, खांदे किती वेळ समोर राहतात, हात कितव्या पावलावर येतात, आणि टक्कर झाली तेव्हा क्वार्टरबॅक किती यार्डांवर होता. टीव्हीचा बाजूचा कॅमेरा यासाठी निकामी. रिप्ले मागच्या उंच कॅमेऱ्याचा दाखवतात तेव्हा थांबवून बघा, किंवा एनएफएलच्या सशुल्क सेवेत ऑल-२२ (बावीसही खेळाडू दिसणारी) फिल्म असते, त्यात मागचा कोन निवडा. पाचांच्या पायांमधली अंतरं तिथेच दिसतात.

धावेच्या खेळींवर वेगळा धागा काढा कुणीतरी. झोन आणि पुलिंग (धावेसाठी अडवण्याच्या पद्धती) इथे कोंबलं तर दोन्ही अर्धवट राहतील.

टपालवाला

काढतो. शनिवारपर्यंत द्या. २००७ च्या ब्राउन्सपासूनच सुरुवात करतो; त्यांचा रनिंग बॅक जमाल लुईसचे १,३०४ यार्ड डाव्या बाजूने किती आले ते फिल्मवरून बघता येईल.